एदमों प्रिवा, ६४ पाने: एका पुस्तिकेच्या नोंदी

७ जानेवारी २०२४

वाचनालयाच्या चरित्रमालेत पुढची पुस्तिका कुणावर, यावर आज बैठक झाली. मी एदमों प्रिवाचे नाव सुचवले. "हे कोण?" असे तीन जणांनी एकदम विचारले. मी सांगितले की जिनीव्हाचा माणूस, एस्पेरांतो या सगळ्या देशांसाठी मुद्दाम घडवलेल्या भाषेत लिहिणारा, शांततेसाठी जन्मभर बोलत फिरलेला, आणि १९३१ च्या डिसेंबरात गांधीजींबरोबर बोटीने मुंबईला उतरलेला. शेवटचे शब्द ऐकल्याबरोबर मंजुरी मिळाली. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे त्रास झाला तर याचाच होणार.

बजेट १२,००० रुपये. आकार ६४ पाने, म्हणजे सोळा पानी चार फर्मे. मुदत २६ जुलै, कारण ही भाषा घडवणाऱ्या झामेनहोफचे एस्पेरांतोचे पहिले पुस्तक १८८७ साली त्या तारखेला निघाले. प्रिवाचे आयुष्य मी लिहायचे आणि त्याच्या झामेनहोफ-चरित्रातला काही भाग भाषांतर करून शेवटी जोडायचा, अशी आखणी. एस्पेरांतो मी गेली दोन वर्षे शिकते आहे. वाचता बऱ्यापैकी येते, बोलायला माणूस मिळत नाही.

आधी हक्कांचे बघितले. प्रिवा २८ ऑगस्ट १९६२ ला वारले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे धरतात, म्हणजे मुदत २०२२ च्या अखेरीस संपली. मृत्यूनंतर १९६३ ला निघालेल्या त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाला साठ वर्षे प्रकाशनापासून लागतात, तेही आठवड्यापूर्वीच मोकळे झाले. पण स्वित्झर्लंडमध्ये मुदत सत्तर वर्षांची आहे, तिथे २०३२ संपेपर्यंत थांबावे लागेल. म्हणून ठरले: छापील प्रत, इथेच वाटायची. पीडीएफ कुठेही चढवायची नाही.

१४ जानेवारी

झामेनहोफ-चरित्राच्या १९२० च्या आवृत्तीची स्कॅन प्रत मिळाली, फुकट. भारतप्रवासाचे फ्रेंच पुस्तक (१९३४) जुने, युरोपातून मागवले. पुस्तक १,४५० रुपये, टपाल १,९८० रुपये. टपालाचा आकडा बघूनसुद्धा मी पैसे भरले, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. आठवणींचे पुस्तक मात्र अजून कुठे विकत दिसले नाही.

२ फेब्रुवारी

स्कॅनमधली पाने ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या संगणकाच्या साधनाने, अक्षरांत आणायला घेतली. रोज रात्री तीन-चार पाने तपासून शुद्ध करते. ३१ पाने झाली. वेग बरा वाटतो आहे.

१३ फेब्रुवारी

वेग बरा वाटत होता, कारण मी काय चुकते आहे ते मला दिसत नव्हते.

एस्पेरांतोत सहा अक्षरांवर खुणा असतात. पाचांवर टोपी, एकावर अर्धचंद्र. मी ओसीआरची भाषा इंग्रजीच ठेवली होती, त्यामुळे टोप्या सगळ्या उडाल्या. टोपी उडाली की शब्द चुकीचा दिसायला हवा ना? तसे होत नाही. बऱ्याचदा दुसराच बरोबर शब्द तयार होतो. 'शान्जो' म्हणजे बदल. त्याच्या दोन्ही टोप्या काढा, 'सांगो' होते. सांगो म्हणजे रक्त. शांततावादी माणसाच्या पुस्तकात भाषेत हळूहळू रक्त व्हावे असे काहीतरी मी भाषांतरात लिहून बसले होते, आणि दोन दिवस त्याला गूढ रूपक समजत होते. 'पाजो' म्हणजे पान, टोपी गेली की 'पागो', म्हणजे पैसे चुकते करणे. 'शी' म्हणजे ती, टोपी गेली की 'सी', स्वतः. झामेनहोफच्या आईने करायचे काम कुणी स्वतःच करून घेतले की काय, असा एक परिच्छेद झाला होता.

अकरा दिवस वाया. आता ओसीआरला एस्पेरांतोची भाषाफाईल दिली, पाने ३०० डीपीआयला पुन्हा घेतली. तरी दहाएक टोप्यांमागे एखादी उडतेच. म्हणून घातक जोड्यांची यादी करून प्रत्येक शब्द शोधून मूळ पानाशी ताडून बघते. त्या यादीत 'मिआ' (माझे) आणि 'निआ' (आपले) हेही आहेत. तिथे टोपीचा प्रश्न नाही, जुन्या छपाईत म आणि न ही रोमन अक्षरे एकमेकांत मिसळतात एवढेच.

२५ फेब्रुवारी

नावांचा दिवस. एस्पेरांतोत 'त्स' ला एक अक्षर आहे आणि 'च' ला टोपीवाले वेगळे. मराठीत दोन्ही उच्चार आहेत, चाकातला च आणि चारातला च, पण अक्षर एकच. आपण वाचताना आपोआप ओळखतो. परक्या नावात ओळखणार कसे? नुक्ता द्यावा असे वाटले, एक पान तसे करून पाहिले, पानावर माश्या बसल्यासारखे दिसले. सोडून दिले. चाकातला च असेल तिथे 'त्स', बाकी 'च'.

झामेनहोफ असेच ठेवले, झाडातला झ. झामेनहोफच्या जन्मगावाचा, बियालिस्टोकचा पोलिश उच्चार ब्यावीस्तोकच्या जवळचा आहे, पण नकाशात कुणाला ते सापडणार नाही. बियालिस्टोक. प्रिवाच्या शेवटचा ट फ्रेंचमध्ये मुका आहे.

एक गंमत मात्र भाषांतरात जशीच्या तशी बसली. वॉर्सात शाळकरी झामेनहोफला रस्त्यावर दोन पाट्या दिसतात, 'श्वेइत्सारस्काया' म्हणजे दरवानाची खोली आणि 'कोंदितोरस्काया' म्हणजे मिठाईचे दुकान. दोन्हींचा शेवट एकच. एका प्रत्ययाने एका शब्दाचे अनेक करता येतात, पाठांतराचे ओझे उतरते, हे त्याला तिथे उमगते. याला तळटीप लिहायला बसले होते. मग लक्षात आले की मराठी वाचकाला छापखाना, दवाखाना, कारखाना एवढे म्हटले की पुरे. टीप खोडली.

१० मार्च

पहिला खर्डा, ४० हस्तलिखित पाने, बाजूला ठेवला. फाडला नाही, पण वापरणार नाही.

दोन कारणे. एक, माझी भाषा. 'विश्वबंधुत्वाच्या उदात्त ध्येयाने प्रेरित होऊन' अशी वाक्ये पानोपानी. प्रिवा वक्ता होता. त्याची वाक्ये आखूड आहेत, व्याख्यानाला आलेल्या माणसाला एका दमात कळतील अशी. मी त्याला शाल-श्रीफळ देऊन खुर्चीत बसवले होते.

दुसरे कारण अधिक लाजिरवाणे. फ्रेंच मला येत नाही. प्रवासाच्या पुस्तकाची पाने मी यंत्राकडून इंग्रजीत करून घेत होते आणि तिथून मराठीत. ओळखीतल्या, फ्रेंच शिकवून निवृत्त झालेल्या बाईंना तीन पाने दाखवली. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "हे कोण बोलतंय? प्रोफेसर बोलतोय की बँक?" आता दर रविवारी दोन तास त्यांच्याकडे. त्या फ्रेंच वाचून तोंडी अर्थ सांगतात, मी लिहून घेते. पैसे घेत नाहीत.

२४ मार्च

दिवसभरात अडीच पाने. अडले ते एका शब्दावर.

एस्पेरांतोत 'नी' म्हणजे आम्ही, आणि आपणही नीच. फ्रेंचमध्येही तेच. मराठीत समोरच्याला धरून बोलायचे की वगळून, हे तोंड उघडायच्या आधी ठरवावे लागते. पहिल्या खर्ड्यात मी सगळीकडे 'आम्ही' ठोकले होते आणि ते मला खटकलेही नव्हते.

आज १९०५ च्या बूलॉनच्या भाषणाशी आले तेव्हा खटकले. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या या गावी पहिले जागतिक एस्पेरांतो संमेलन भरले, ६८८ माणसे जमली. झामेनहोफ बोलायला उभे राहिले. त्यांचे म्हणणे असे की इथे फ्रेंच इंग्रजांना भेटत नाहीत, रशियन पोलिशांना भेटत नाहीत, माणसे माणसांना भेटताहेत. या सभेत बलवान राष्ट्र नाही आणि दुबळे नाही, सगळे एका कुटुंबाचे. माझ्या खर्ड्यात: 'आम्ही सगळे एका कुटुंबाचे.' मोठ्याने वाचले. एखाद्या सोसायटीने बाहेरच्यांसाठी लावलेली नोटीस वाटली. 'आपण सगळे एका कुटुंबाचे' केले आणि सभागृहातला शाळकरी प्रिवा त्या वाक्यात येऊन बसला. भाषणाचे कामच ते होते.

मग मी मूर्खपणा केला. संगणकाला सांगून सगळीकडे आम्हीचे आपण केले. क्रियापदे बदलावी लागत नाहीत, त्यामुळे सोपे वाटले. पाच मिनिटांत 'आपण दोघे डेकवर झोपलो' असे वाक्य समोर आले. प्रिवा आणि त्यांची बायको इवॉन, मध्ये वाचक. शिवाय मराठीत तिसरे आपण आहेच, आदराचे. 'आपण कोणत्या भाषेत बोलणार?' यात बोलणारा स्वतःला धरतो आहे की समोरच्या साहेबांना विचारतो आहे, सांगता येत नाही.

शेवटी कागदावर छापून दोन रंगांच्या पेन्सिली घेतल्या. पिवळा म्हणजे ऐकणारा आत, निळा म्हणजे बाहेर. ११८ जागा निघाल्या. ४१ पिवळ्या, ७० निळ्या. सात ठिकाणी काही केल्या ठरेना, तिथे वाक्यच फिरवले. आदराचे आपण पुस्तिकेतून हद्दपार, सगळीकडे तुम्ही. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी पेन्सिली पहिल्या दिवशीच घ्याव्यात.

९ एप्रिल

पाडवा. काम नाही. टपालाचे पाकीट एकदाचे आले होते ते मार्चमध्येच, त्याची नोंद राहिली: पुस्तक सुस्थितीत, पण पाने जोडलेली, कुणी कधी कापलीच नव्हती. नव्वद वर्षांत त्या प्रतीचा मी पहिला वाचक. सुरीने कापताना एक पान फाटले.

२१ एप्रिल

तो की ते?

प्रिवा १७ ऑगस्ट १८८९ चा. वर्गमित्र हेक्टर होडलर, चित्रकार फेर्दिनांद होडलरचा मुलगा, त्याच्याबरोबर शाळेच्या वयात एस्पेरांतोचे मासिक काढतो. या पोराला 'त्यांनी मासिक काढले' कसे म्हणायचे? आणि १९२४ ला जागतिक एस्पेरांतो संघटनेचे अध्यक्ष झालेल्या माणसाला 'तो' कसे म्हणायचे? एस्पेरांतोला हा प्रश्नच माहीत नाही. तू, तुम्ही, सगळ्यांना एकच 'वी'.

मी १९०८ पासून 'ते' म्हणायचे ठरवले, होडलरने जिनीव्हात संघटना उभी केली त्या साली. मुद्रितशोधन करणारे काका (जन्म छापखान्यात गेला, आता ऐंशीच्या घरात) म्हणाले, "एका पानावर तो, दुसऱ्या पानावर ते, वाचणारा म्हणेल दोन माणसं आहेत." त्यांचा तोडगा: बदल प्रकरणाच्या फटीत करायचा आणि मधल्या काळाला धक्का असायला हवा. धक्का सापडला. होडलर १९२० साली, तिशीच्या सुरुवातीलाच वारला. त्याच साली प्रिवाचे झामेनहोफ-चरित्र निघाले, त्याच साली संघटनेच्या मासिकाचे संपादन अंगावर आले. दुसरे प्रकरण मित्राच्या मृत्यूवर संपते, तिसरे 'ते' ने सुरू होते. काकांना मी चहा पाजला.

या निमित्ताने वयाची चूकही सापडली. बूलॉनला मी प्रिवाला सोळा वर्षांचा केले होते. संमेलन ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, वाढदिवस सतराला. पंधराच.

५ मे

प्रवासाचे प्रकरण. समितीला हेच हवे आहे, आणि खरे सांगायचे तर मलाही.

गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी ६ ते ११ डिसेंबर १९३१ स्वित्झर्लंडमधल्या विलनवला फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँकडे होते. निघाले तेव्हा प्रिवा पतिपत्नी त्यांना इटलीच्या सरहद्दीपर्यंत पोचवायला त्याच गाडीत. बोलता बोलता निघाले की भारत बघायची इच्छा आहे, पण खर्च कुठून करणार. गांधीजींनी हिशेब करून दाखवला: डेकवरचे भाडे माणशी दहा पौंड, आणि एकदा तिथे पोचल्यावर राहायला घरे पुष्कळ. दोघांनी जवळचे पैसे मोजले आणि परत फिरायच्या ऐवजी पुढे गेले. पोचवायला आलेली माणसे बोटीत बसून मुंबईला आली. या प्रसंगाला मी एक विशेषण लावले नाही, याचा मला अभिमान आहे.

गांधीजींच्या तोंडी आधी 'आपण भारतात यावे' घातले होते. बाईंनी वर पाहिले फक्त. आता आहे 'मग चला की बरोबर.'

या प्रकरणातल्या दोन चुका. पहिली: बोट. मी राजपुताना लिहिले होते. राजपुतानाने गांधीजी ऑगस्टमध्ये मुंबईहून गेले. १४ डिसेंबरला इटलीतल्या ब्रिंडिसीहून निघाली ती पिल्स्ना.

दुसरी चूक मोठी. रोममध्ये असताना गांधीजींनी 'जोर्नाले दीतालिया' या पत्राला मुलाखत दिली, त्यात परत जाऊन लढा सुरू करण्याची भाषा केली, असे त्या पत्राने छापले होते. मी ते एका जुन्या कात्रणावरून घेतले आणि त्यावर दोन पाने रंगवली. प्रत्यक्षात गांधीजींनी बोटीवरूनच तार करून अशी मुलाखत दिलीच नसल्याचे कळवले होते. गांधीजींच्या इंग्रजी संकलित वाङ्मयाचा ४८ वा खंड उघडून बघितला असता तर दोन पाने वाचली असती. आता खंड आधी, कात्रण नंतर.

१८ मे

मुंबईला जाऊन आले, मणिभवनला. येण्याजाण्याचा आणि जेवणाचा खर्च ६४० रुपये. आत गेले तेव्हा मला एकच आठवडा बघायचा होता: २८ डिसेंबरला बोट लागली आणि ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे याच इमारतीच्या गच्चीवरून गांधीजींना पकडून नेले. प्रिवांच्या वाट्याला यजमान एवढेच दिवस आला. पाहुणे आले, आठवड्यात घरधनी तुरुंगात.

हा आठवडा मी प्रवासाच्या प्रकरणाचा शेवट म्हणून टाकला होता. परतीच्या गाडीत उलटे केले. आता प्रकरण त्या पहाटेपासून सुरू होते आणि मागे जाते. त्यामुळे पुढे काय, हा प्रश्न उरतो, आणि पुढेच प्रिवांचे स्वतःचे काम आहे: युरोपात परतून भारताच्या बाजूने लिहिणे, बोलणे, १९३४ चे ते पुस्तक, १९३६ ला क्वेकर पंथात जाणे. गांधीजी पत्रांत या दोघांना आनंद आणि भक्ती म्हणत. समितीतल्या एकाने प्रकरणाला हेच नाव सुचवले. नको म्हटले. पुस्तिका प्रिवांची आहे, आणि ते जन्माने एदमों होते.

९ जून

छायाचित्रे मिळाली नाहीत. जी चांगली आहेत ती परदेशी संग्रहांत, परवानगी मागितली, उत्तर नाही. जालावरून उचलून छापणे सोपे होते. न करता भाचीकडून नकाशा काढून घेतला: विलनव, रोम, ब्रिंडिसी, पोर्ट सैद, एडन, मुंबई. तिने पहिल्या नकाशात बोट सुएझ कालवा टाळून आफ्रिकेला वळसा घालून आणली होती. दुसरा नकाशा बरोबर आहे.

३० जून

डीटीपी. ६४ पानांचे, पानामागे ६० प्रमाणे ३,८४० रुपये. मी युनिकोडमध्ये दिले, तिथे जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतले. बदलताना 'दुसऱ्या', 'तुमच्या-आमच्या', 'बूलॉन' यांचे काय झाले ते लिहवत नाही. 'ऱ्य' सगळीकडे मोडला. आणि ऑपरेटर दादांनी चांगल्या मनाने दुरुस्ती करत प्रिवांना पाच ठिकाणी 'प्रायव्हेट' केले. 'एदमों प्रायव्हेट यांचा जन्म.' पुढे लिमिटेड तेवढे राहिले.

शिवाय मजकूर ६७ पाने झाला. तीन पाने कापायची. राष्ट्रसंघाचे प्रकरण कापले. वाईट वाटले, कारण प्रिवांनी सगळ्यात जास्त घाम तिथे गाळला. जिनीव्हात ते दुभाषे होते, इराणच्या शिष्टमंडळाबरोबर होते. एस्पेरांतो शाळांत शिकवावी म्हणून खटपट झाली, राष्ट्रसंघाचे नितोबे इनाझो १९२१ ला प्रागच्या संमेलनात स्वतः जाऊन पाहून आले, १९२२ ला अनुकूल अहवालही झाला. फ्रान्सने पाय रोवला. १९२३ ला बौद्धिक सहकार्य समितीने शिफारस करायला नकार दिला. संपले. हरलेल्या कामाला पाने कमी मिळतात, मीही तेच केले. दीड पान ठेवले आहे.

१४ जुलै

दुसरे मुद्रित. काकांनी २१२ चुका काढल्या, त्यातल्या माझ्या ९०. प्रिंटचे ३२० रुपये, दुरुस्तीचे जादा ७००. दादांना म्हटले, पुन्हा तपासायला द्या. ते म्हणाले, "ताई, आता काही राहिलं नाही." मी थकले होते. विश्वास ठेवला.

२६ जुलै

मुदतीचा दिवस. पुस्तिका छापखान्यातही गेलेली नाही. नवी तारीख १७ ऑगस्ट, प्रिवांचा जन्मदिवस. एस्पेरांतोच्या जन्मदिवसावरून माणसाच्या जन्मदिवसावर आलो, त्यातल्या त्यात बरे.

११ ऑगस्ट

२०० प्रती आल्या. ७० जीएसएम मॅपलिथो, आर्ट कार्डचे मुखपृष्ठ, प्रत ५८ रुपये, एकूण ११,६००. आतापर्यंतचा सगळा खर्च २०,५३० रुपये. १२,००० चे बजेट केले तेव्हा मी टपाल, दुरुस्ती आणि प्रवास धरलेच नव्हते. वरचे मी घालणार, समितीला अजून सांगितलेले नाही.

बांधणी चांगली. नकाशा स्वच्छ उठला. पान २७ उघडले. बूलॉनचे भाषण. 'आम्ही सगळे एका कुटुंबाचे.'

दादांनी दुरुस्त्या जुन्या फाईलवर घेतल्या होत्या. पूर्ण पुस्तिका पुन्हा वाचली, रात्री अडीचपर्यंत. बाकी ४० पिवळ्या जागा बरोबर आहेत. तेवढी एकच राहिली.

१२ ऑगस्ट

काकांना विचारले, शुद्धिपत्र घालू का? म्हणाले, शुद्धिपत्र कोण वाचतो, चिकटव. 'आपण' हा शब्द 'आम्ही' एवढ्याच रुंदीचा बसतो, त्याच मापात दोनशे वेळा टाइप करून एका कागदावर घेतला. दोन प्रती लागल्या, झेरॉक्स ४ रुपये. डिंक २० रुपये.

मी, काका आणि भाची, तिघे बसलो. मी कात्रीने कापायचे, भाचीने डिंक लावायचा, काकांनी चिकटवायचे, कारण त्यांचा हात अजून हलत नाही. पहिल्या अकरा प्रतींत डिंक जास्त झाला आणि पान २६ ला चिकटले, त्या वाटायच्या नाहीत. नंतर काडीने लावला. पट्टी तिरकी बसली तर ओली असतानाच सरकवायची, वाळल्यावर ओढली तर खालचा कागद येतो.

साडेनऊला १३६ झाल्या. ६४ राहिल्या. उद्या सातला पुन्हा बसू, काका काडी घरून आणतो म्हणाले.